तीन शून्याचा ब्रश

बाजाराच्या दिवशी येतात बहुतेक.
पिशवीत वांगी, खिशात भूत.
"काकू, खरं सांगा, हाय का नाई?"
मी आधी हात धुते. मग चष्मा पुसते.
दिग्रसच्या जुन्या स्टँडामागे आमचा स्टुडिओ,
आता नुसते आधारकार्डाचे फोटो आणि झेरॉक्स,
पण फोटोतलं भूत ओळखायचं तर अजून माझ्याकडेच.

काल चार पोट्टे आले,
तिघं मोटारसायकलवर, एक मागून पायी.
बंद पडलेल्या जिनात रात्री काढलेला फोटो:
अंधारात गोल गोल पांढरे दिवे, तरंगणारे.
"मुकादमाचा आत्मा हाय. प्रेसमधी सापडला होता थो."
फ्लॅश मारला होता?
मारला होता.
आत शिरताना ढिगाला लाथ कोणी घातली?
एकाने मान खाली घातली.
रुई आहे ती, बाबांनो. वीस वर्षं पडून राहिलेली रुई,
भिंगाच्या नाकाशी आली की चंद्राएवढी दिसते.
मुकादम एवढा हलका नव्हता.

नाराज झाले. होतातच.
भूत नाही म्हटलं की लोकांचं तोंड
गणितात नापास झाल्यासारखं होतं.

पांढऱ्या साडीची बाई मात्र मी बघताच परत करते.
सावंग्याच्या नाल्यावर तीच, पलीकडच्या पाणंदीत तीच,
पदराला तीच घडी, तेच डावं मनगट वाकलेलं.
मोबाईलमध्ये मिळते ती, फुकट.
तिला सावली नसते ती भूत म्हणून नव्हे,
करणारा आळशी म्हणून.
मी असते तर सावली दिली असती.

देतच होते.
लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी हातात ब्रश दिला,
तीन शून्याचा, टोकाला एकच केस असावा असा.
मुरूम काढायचे. देवीचे व्रण काढायचे.
आणि कोणी गेलं, अन् घरात एकही फोटो नाही,
तर मामंजी सायकलला कॅमेरा बांधून निघायचे,
भिंतीला टेकवून बसवलेल्या माणसाचा फोटो घ्यायचे.
प्रिंट वाळली की माझ्यासमोर.
मिटलेल्या पापण्यांवर मी डोळे काढायची.
बुबुळ, कडा, आणि शेवटी पांढरा ठिपका,
खिडकीचा उजेड,
त्या घरात खिडकी असो नसो.
एकशे बारा माणसं. वहीत नावं आहेत.
अजून टक लावून आहेत भिंतीभिंतींवरून,
गळ्यात हार, वर लाल बल्ब,
आणि त्यातल्या एकालाही कोणी कधी
माझ्याकडे तपासायला आणलं नव्हतं.

आज देवकाबाई ढोके आली. फ्रेम लुगड्यात गुंडाळलेली.
"रात्री पाह्यते माह्याकडं," म्हणाली.
भिंग लावलं. लावायची गरज नव्हती.
उजव्या डोळ्यातला ठिपका जरा जास्तच वर:
सातवा महिना होता मला, वाकवत नव्हतं.
तेव्हा विचारलं होतं तिला, डोळे कसे होते?
"मले काय ठाव व बाई,
सरळ कधी पाह्यलंच नाई त्याइनं माह्याकडं."
म्हणून मी सरळ काढले.

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.
डोळे माझे आहेत, देवकाबाई. त्यांचे नाहीत.

"थे ठावच हाय मले,"
फ्रेमचा खिळा अंगठ्याने दाबत ती म्हणाली,
"डावा पुसट होऊन राह्यला.
तेवढा भरून दे. अन् पैसे किती व?"

ब्रश डब्यात होता. केस चारदोनच उरलेत.
हात कापतो आता.
मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दिवा जवळ घेतला,
आणि तिला म्हटलं, बस,
वाळायला वेळ लागतो.