तेरावा महिना

गोंदरच्या बसथांब्यामागे माझं दुकान.
एक संगणक, एक प्रिंटर, फॉर्मचे साठ बिर.
वुबालेमबाई आल्या, पासपोर्ट रुमालात बांधून.
लेक ओस्लोत बाळंत व्हायचीय.

आडनाव? लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे सरकत नाही.
"आपल्यात नसतं ना रे ते."
त्यांच्या बापाचं नाव टाकलं.
लेकीच्या कागदावर तिच्या बापाचं.
मायलेकी आहेत हे आता
वेगळं सिद्ध करावं लागेल.

जन्मतारीख?
"पागुमेची तीन. राफाएलचा दिवस.
दाईनं मला तशीच पावसात धरली होती."
ठाऊक असूनही मी यादी खाली नेली,
डिसेंबरपर्यंत. पुढे काही नव्हतं.
पासपोर्टात आठ सप्टेंबर छापलंय,
मी वाचून दाखवलं.
त्यांनी ऐकून घेतलं,
शेजारणीची तारीख असल्यासारखं.

मायदेशी परत येण्याचं कारण?
चारशे अक्षरांत.
त्या सांगत गेल्या: नवऱ्याची कबर,
विहिरीचा अर्धा वाटा, एक गाय.
मी अक्षरं मोजत होतो
आणि वीज गेली.

"पुसलं का रे सगळं?"
"नाही," मी म्हणालो. पुसलं होतं.
अंधारात थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग त्या म्हणाल्या,
"गाय गाभण आहे. तेही लिही."