रकाना क्रमांक सात

ऑगस्ट संपत आला की माझ्या टेबलासमोरची खुर्ची
गार व्हायची विसरते.
पंधरा-पंधरा मिनिटांची मुलं.
सुपीरियर सरोवराचं धुकं केसांत घेऊन येतात
आणि फॉर्मचा सातवा रकाना कोरा.

मुख्य विषय.
पुढे एक रेघ, बोटभर लांब.
एवढ्याशा रेघेवर
चाळीस वर्षं बसवायची.

आज सकाळी अँसेल हापाला आला.
बाप ड्यूलथच्या धक्क्यावर बोटींत लोहखनिज भरतो.
हे मुलानं नाही सांगितलं,
बुटांच्या शिवणीतल्या तांबड्या धुळीनं सांगितलं.
बूट एक माप मोठे.

"काय आवडतं?"
दिवसातून बावीस वेळा विचारते मी हे,
कंडक्टरनं "कुठं?" विचारावं तसं.

वेल्डिंग येतं, म्हणाला.
गणित येतं, पण आवडतं की नुसतंच येतं, ते कळत नाही.
आई म्हणते नर्सिंग घे, कुठंही पोट भरेल.
आजोबा म्हणतात काहीही घे,
बोटीवर तेवढा जाऊ नकोस.
आणि मग, आवाज इतका खाली
की मला पंखा बंद करावा लागला:
"जानेवारीत सरोवर गोठतं ना,
तेव्हा रात्री ते ओरडतं.
ते का ओरडतं,
हे इथं कुणी शिकवतं का, मिसेस लिंडक्विस्ट?"

मी माहितीपुस्तक उघडलं.
पान एकोणनव्वदवर थोडा आवाज होता,
पान दोनशे चौदावर थोडा बर्फ,
आणि मधल्या सव्वाशे पानांत
हिशेब, दात, कायदा, कोंबड्यांचे रोग.
भावाभावांनी वाटण्या कराव्यात
तसं आम्ही जग वाटून घेतलंय;
बांधावरचं झाड
कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

"पगार किती असतो?" त्यानं लगेच विचारलं,
उचललेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवावी तसं.
माझ्याकडे तक्ता आहे. दाखवला.
नर्सिंगपुढे आकडा होता.
बर्फापुढे काही नव्हतं,
कारण बर्फच नव्हता.

मग तो प्रश्न,
जो वर्षाकाठी एखादाच विचारतो:
"तुम्ही काय घेतलं होतं?"

सेलो, मी म्हटलं.
आणि वडिलांना झोप लागावी म्हणून
जोडीला थोडं अकाउंटिंग.
"मग?"
मग हे टेबल.

पस्तावले म्हणाले असते तर ते खोटं होतं,
नाही पस्तावले म्हणणं त्याहून खोटं.
म्हणून ड्रॉवर उघडून राळेचा खडा दाखवला,
मधाच्या रंगाचा, एका बाजूनं झिजलेला.
गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही चौघं वाजवतो:
मी, एक दातांची डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन,
आणि हिवाळ्यात बर्फ उपसायची गाडी चालवणारा रॉजर.
रॉजरकडे कसलीच पदवी नाही
आणि तालाला तोच एकटा पक्का आहे.

यातून काय घ्यायचं, ते मी सांगितलं नाही.
मलाच ठाऊक नव्हतं.

अँसेलनं खडा हुंगला. परत ठेवला.
पेन्सिलीनं रेघेवर काहीतरी लिहिलं, खोडलं,
खोडरबराचा चुरा तळहातावर गोळा केला
आणि टाकायचा कुठं ते न कळून
खिशात घातला.
"भौतिकशास्त्राचे सर कधी भेटतात?"
मंगळवारी, तीन ते पाच. खोली तळमजल्यावर.
दार लोटून घे, कडी लागत नाही.

फॉर्म घेऊनच गेला तो.
शुक्रवारपर्यंत मुदत आहे;
शुक्रवारी येईल, किंवा आई येईल,
किंवा नर्सिंगच्या यादीत नाव दिसेल.
गालिच्यावर तांबडी धूळ राहिली,
टाचेच्या आकाराची.

पुढची मुलगी आत आली. सोआ वांग.
तिचा सातवा रकाना भरलेला:
फार्मसी, शाईनं,
खाली दोन रेघा.
मी "काय आवडतं?" म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

"बस," एवढंच म्हटलं.
ती बसली.
पेन तिच्या मुठीतच होतं,
टोपण न लावलेलं.