वीज आली

राऊच्या फाटकापाशी रिक्षा सोडली.
पुढे गाडीवाट. पागनीस म्हणाले, तीन किलोमीटर.
त्यांचे तीन म्हणजे पाच, हे मला ठाऊक.
एकतीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसलोय.

थंडी अशी, की कानटोपीच्या आतही
दोन कान दोन ठिकाणी दुखतात.
काळी माती रात्रीचे पाणी पिऊन फुगलेली,
बुटाला धरून ठेवते, मग नाइलाजाने सोडते.
टीचभर गहू. मध्येच लसणाचा भपकारा.
तारेवर नीळकंठ दिसला,
पागनीसांनी त्याला टोपी काढून नमस्कार केला
आणि लगेच शिंकले.

बांधावर एक पोरगा, फावड्यावर हनुवटी टेकून
उभ्याउभ्या झोपलेला.
पाणी घोट्यांवरून दांडात चाललेले.
आमची चाहूल लागली तसे त्याने
आधी पाण्याकडे पाहिले, मग आमच्याकडे.
"लाइट रातीच येते, भिया.
दोनला येते, कधी जाते तिलाच माहीत."
आणि हरभऱ्याचे चार डहाळे उपटून
आमच्या हातात दिले.

सोलत, खात, बोटांची आंब चाटत निघालो.
पागनीस मुलाबद्दल काही बोलले नाहीत.
मी हरभरा किती कोवळा आहे ते दोनदा बोललो.

मैदान शाळेमागे. निलगिरीच्या बल्ल्यांचे गोल,
एक बल्ली मोडकी, दोरीने बाभळीला बांधलेली.
चुना संपला तिथून पुढे राखेची रेघ.
सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगावर अख्खे गाव,
कढईत गराडू तळत एक म्हातारी,
आणि शिट्टी महूच्या एका निवृत्त हवालदाराकडे,
जो ऑफसाइड फक्त पाहुण्यांना देतो.

गोलात तोच पोरगा.
जर्सीवर एक नंबर, हातात लोकरीचे मोजे,
पायांवर सकाळचा चिखल वाळून पांढरा झालेला.
डोळे मिटतात की काय वाटावे आणि तेवढ्यात
तो आडवा! चेंडू पोटाशी.
"ओ कमलेस!" कुटाराचा ढीग हलला.
असे दोनदा.

दुसऱ्या डावात, एक-शून्य असताना,
गावातली पिठाची गिरणी घरघरली.

बावीसच्या बावीस माना वळल्या.
पाहुण्यांच्या दहा नंबरचा पाय तेवढा आधीच सुटला होता.
चेंडू कमलेसच्या कानाजवळून आत गेला
आणि कोणी ओरडलेच नाही.
ढीग निम्मा रिकामा. पोरे शेतांकडे.
कमलेस बल्लीशी उभा,
एकदा हवालदाराकडे, एकदा पश्चिमेच्या वावराकडे बघत.

पागनीस उठले.
मफलर माझ्या मांडीवर टाकला, चष्मा त्यावर ठेवला.
बहात्तर वर्षे, डावा गुडघा स्टीलचा.
राखेची रेघ ओलांडून गेले,
त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले.
काय, ते मला इतक्या लांबून कसे कळणार.
तो मोजे घालूनच पळाला.

परतताना ऊन उतरलेले, धुके ओढ्यातून वर यायला लागलेले.
वावरात एक नंबर दिसला, पाण्यात उभा.
"कितीने, भिया?"
"तीन खाल्ले," पागनीस मोठ्याने म्हणाले,
चिखलाने कोपरापर्यंत काळे, "पण चौथा अडवला."

पोरगा हसला, फावड्याने दांड फोडला,
पाणी पुढच्या सरीत वळले.

वाटेत पागनीसांनी आपणहून मुलाचे नाव घेतले.
मी गप्प चाललो. अजून तीन किलोमीटर होते.