दीड लारीची शोती

मी खिडकीत होते, सुट्टे मोजत,
म्हणून पाहिलं नाही. ऐकलं मात्र.
ओलं फडकं पिळताना टर्रकन फाटावं तसं काहीतरी,
आणि मग नुगझारचं गप्प होणं.

कुतैसीत पहाटे साडेचारला आमची भट्टी लागते.
तोने म्हणजे जमिनीत पुरलेला मातीचा रांजण,
आतल्या भिंतीला पाव थापायचा
तर माणूस कमरेपर्यंत आत जातो,
तंगड्या हवेत, दम कोंडलेला.
सव्वीस वर्षं तो असा रोज निम्मा नाहीसा व्हायचा
आणि घामेजून परत यायचा.

त्या दिवशी एक शोती भिंतीवरून सुटली.
सुटतात. मिठाचं पाणी कमी पडलं की सुटतात,
निखाऱ्यावर पडतात, जळतात, आम्ही शिव्या घालतो, संपलं.
पण हात.
हाताला कुणी विचारलं नव्हतं.
कंबर अजून वर येत होती, मान वळत होती,
आणि हात एकटाच खाली झेपावला,
पाळण्यातून पोर घसरत असल्यासारखा.

दीड लारीची शोती.
तीही मिळाली नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर खांदा काढून दाखवला,
दोरखंडासारखं काहीतरी, पीळ उसवलेले.
म्हणाल्या, वजनाने नाही, झटक्याने.
महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.
महिन्याचे पाच झाले.
मालक बाद्रीने पहिल्याच आठवड्यात हात वर केले.
नुगझारला तेवढंही जमेना.

खांद्याच्या वर किती काय असतं!
मिठाची बरणी, बसमधली कडी,
वाळत घातलेला शर्ट,
स्वतःचं कपाळ.
रविवारी चर्चमध्ये क्रूस काढताना
तो बोटं छातीशीच धरतो
आणि कपाळ खाली त्यांच्याकडे नेतो.
मागच्या म्हाताऱ्यांना वाटतं, केवढी भक्ती.

आता भट्टीवर इमेदा असतो, एकोणीस वर्षांचा.
नुगझार पिठाच्या पोत्यावर बसून सांगतो,
आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी.
पोरगं हं हं करतं.

काल त्याची एक शोती सुटली.
करपल्याचा वास खिडकीपर्यंत आला.
मी वळून पाहिलं.
पोरगं निवांत उभं, जळू दे म्हणत,
आणि पोत्यावर नुगझार,
उजवा खांदा डाव्या हाताने
घट्ट आवळून,
ओढ घेणाऱ्या कुत्र्याचा पट्टा धरतात तसा.