दहावा

एका माणसाच्या जिभेवर कुणी विसंबत नाही आमच्या डोंगरात.
भांडण जमिनीचं असेल तर दहा जिभा लागतात,
दहाही एकाच आजाच्या मुळातून फुटलेल्या.
बास्सू काकाने नऊ गोळा केले.
दहावा मी.

बांध त्यानेच कोरला होता.
आयत तमदाचं जवाचं शेत, वरच्या पाटाखालचं;
तिथला खुणेचा दगड सात वीत सरकला
त्या रात्री कंदील मी धरला होता.
दगडाखाली विंचवीण निघाली, पांढुरकी,
पिल्लं पाठीवर घेतलेली.
काकाने जाऊ दिलं तिला.
म्हणाला, लेकुरवाळी आहे.

शेत हद्दूचं. हद्दू माझ्या आईचा भाऊ.
पाण्याच्या पाळीला भोकाचं तांब्याचं भांडं
हौदात सोडून बसायचा, मला गोष्ट सांगायचा,
आणि भांडं बुडालं की गोष्ट अर्धी टाकून
पाट आमच्याकडे वळवायचा.
थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही.

पण शपथेत मोजतात ते बापाचं रक्त.
आईचं कुणी मोजत नाही.

आदल्या रात्री ती काही बोलली नाही.
माझा बुरनूस धुतला तिने,
आणि वाळेना म्हणून
चुलीसमोर धरून उभी राहिली पहाटेपर्यंत.

शुक्रवारी पिराच्या थडग्यापाशी रांग लागली.
एकाचा शब्द अडखळला तरी दहांची आण मोडते,
हे शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक.
नऊजण सरळ बोलून गेले.
काकाने माझ्याकडे बघितलं नाही.
पलीकडे खिंडीत फ्रेंचांच्या नव्या चौकीचा धूर होता.
ते म्हणे कागद मागतात.
कागदाला भाऊबंद लागत नाहीत.

मी म्हणालो, "या थडग्याची आण, तो दगड"
आणि मला खोकला आला.

खोकलाच होता का?
चाळीस वर्षं लोक विचारतात.
मीही.

दगड मागे गेला. वर बारा मेंढ्यांचा दंड.
काका त्यानंतर मला नावाने हाक मारेना,
"तमदाच्या भाच्या" म्हणायचा.
त्याच्या जनाज्याला कुणी माझा खांदा घेतला नाही.

दोन वर्षांनी चौकीवाल्यांनी रस्ता आणला,
आमच्या शेतातून, हद्दूच्याही.
खडी कमी पडली तेव्हा
तो दगड फोडला.

आई मात्र असेपर्यंत,
मी जरा खोकलो
की मधाची वाटी घेऊन यायची.
खोकला कशाचा, ते विचारायची नाही.