दगडाचं वजन

समोरच्या टिपणीसांच्या मिहीरकडे माती नाही.
पांढऱ्या नळ्यांना भोकं,
भोकांत स्पंजाचे तुकडे, तुकड्यांत लेट्यूस.
रात्री त्याच्या ग्रिलमधला जांभळा दिवा
माझ्या दुधीवर पडतो
आणि दुधीला, मला वाटतं, झोप लागत नाही.

माझ्याकडे रंगाचे रिकामे डबे,
बोंबील धुतलेलं पाणी,
माव्यावर टाकायला नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याची राख
आणि पडवळ सरळ वाढावं म्हणून
त्याच्या शेंड्याला दोऱ्यानं बांधलेला दगड.
भांडुपला डोंगरावर खोली होती, तिथला.
"काकू, तुमच्या मातीचा पीएच किती?"
म्हटलं, चाखून बघ.

सोसायटीची नोटीस आम्हा दोघांना एकाच कागदावर आली.
त्याला गळतीबद्दल, मला वासाबद्दल.

मग तो किल्ली ठेवून नागपूरला गेला.
दुसऱ्या रात्री भिंतीतली घरघर थांबली.
ती इतके महिने ऐकत होते
हे थांबल्यावर कळलं.
फोन उचलेना. गेले, नळीचं झाकण उचललं.

मुळं.
पांढरी, ओली, विस्कटलेली,
नुकत्या न्हालेल्या म्हातारीच्या केसांसारखी.
चाळीस वर्षं भाजी लावतेय मी,
मूळ पाहिलं ते उपटलेलंच.
हे जिवंत, उघडं, अंधारात पाणी शोधणारं.
चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार ढकलावं
तशी शरमले.

गजर लावून दर तासाला मगानं पाणी घातलं,
ती रात्र, पुढचा दिवस, पुन्हा रात्र.
पहाटे पहाटे त्यांच्याशी बोललेसुद्धा.
काय, ते सांगणार नाही.

तो आला संत्राबर्फी घेऊन.
पंप बिघडल्याचं सांगितलं, बाकीचं ठेवलं.
संध्याकाळी सातला त्याला घरी बोलावलं.
दुधीचं फूल दिवेलागणीला उघडतं
आणि सतराव्या मजल्यावर पाकोळ्या चढत नाहीत.
"फुलाखाली इवलासा दुधी दिसतो ना, ती बाई.
नुसताच लांब देठ, तो बुवा."
तो ब्रश आणायला निघाला.
ब्रश कशाला, म्हटलं, फुलालाच फूल लाव.
लावलं. सत्ताविसाव्या वर्षी कान लाल झाले पोराचे.

तीन फुलांतली दोन सडली. एक धरलं.
लेट्यूस मला अजून कडूच लागतं,
थालीपिठात ढकलते, त्याला कळू देत नाही.
जांभळा दिवा तो आताशा दहाला बंद करतो,
कधी विसरतो.

काल पडवळ काढलं.
त्यानं दोरा सोडवून दगड आत नेला,
काट्यावर ठेवला, फोनमध्ये लिहिलं:
एकशे चाळीस ग्रॅम.
"काकू, एवढाच का?"

हाताला हाच लागला, बाबा.