नाव घालून मिळेल

बुधवारी, डिचोलीचा बाजार ओसरत आल्यावर
एक उंच माणूस दुकानाच्या पायरीशी वाकला.
कुंकळ्ळीला मासे गोठवायची यंत्रं बसवायला आलोय, म्हणाला.
देश आइसलँड.
त्यानं तांब्याचं एक तपेलं निवडलं,
बोटाच्या पेरानं वाजवलं, कानाशी धरलं,
आणि पाटीकडे बोट केलं.

काय घालू?
केटिल.

केटिल म्हणजे भांडं, तो म्हणाला,
चुलीवर साखळीनं टांगलेलं, काळं, मोठ्या पोटाचं.
म्हणजे भाण, मी म्हटलं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
भांड्यावर भांड्याचं नाव पडणार होतं.

पण ते नुसतं केटिल नव्हतं.
शेवटचा ल तो जिभेच्या कडेनं फोडायचा,
ट आणि ल एकदम, मागून थोडी वाफ.
पाणी उकळायच्या जरा आधी
भाणाचं झाकण बोलतं, तसं.
ते अक्षर माझ्या यंत्राला येईना.
सासऱ्यांची छिन्नी काढली, हातोडी काढली,
विजेचं बटण बंद केलं.

ठिपका. ठिपका. तो बोलत राहिला.
आजोबांचं हेच नाव. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली, त्यात गेले.
त्यांच्या आधी एक केटिल मेंढ्यावाला, तो दारूत बुडाला.
त्याच्या आधी एक पाद्री, ज्याची अक्षरं
चर्चच्या वहीत अजून सरळ उभी आहेत.
आणि फार मागे, जुने देव होते तेव्हा,
कुणीतरी चुलीपुढे बसून पोराला भांडं म्हटलं.
का, ते त्यालाही ठाऊक नाही.
भरलेलं राहो म्हणून, मी म्हटलं.
असेल, म्हणाला.
बाईला ठेवलं की ते कात्ला होतं.
त्या नावाचा ज्वालामुखी आहे तिकडे, बर्फाखाली,
झाकण घालून बसलेला.

मग म्हणाला, गंमत सांगतो.
आमच्यात नावालाही विभक्ती लागते.
केटिल आला, केटिल गेला, इथवर ठीक.
पण केटिलला काही द्यायचं झालं
तर तो केटिल राहत नाही. कात्ली होतो.
आतला स्वरच बदलतो.

स-ला-ते, स-ला-ना-ते.
मयेच्या शाळेतल्या बाई छडीसकट आठवल्या.
आमच्यात घोडा वाकतो, मी म्हटलं, घोड्याला.
माणसाचं नाव नाही वाकत.
देताना मागे नुसता ला लागतो.

बोलले, आणि छिन्नी सरकली.
ट च्या पोटात एक ठिपका जास्तीचा पडला.

ताट होतं. तांदूळ पसरले होते.
अंगठीच्या टोकानं त्यांनी लिहिलं: पद्मजा.
सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले,
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांचा भात झाला.
एकोणतीस वर्षं झाली,
रेशनकार्डावर, दुकानाच्या परवान्यावर.

तुमच्या बायकोनं नाव बदललं?
कशाला, तो म्हणाला, ती तिच्या बापाची मुलगी,
कबरीवरही तेच असेल.
हे त्यानं असं सांगितलं
की जणू मी पाणी ओलं असतं का विचारलं.

तपेलं उन्हात धरलं. जास्तीचा ठिपका दिसला त्याला,
चुकून पडला म्हटलं तर
राहू दे, म्हणाला, हा केटिल माझा एकट्याचा.
आणि तुमचं नाव?

कुठलं, मी विचारलं.
तो हसला. माझं इंग्रजी कच्चं असं त्याला वाटलं असणार.
पैसे मोजून घेतले, रद्दीत बांधून दिलं.

रात्री न्हाणीत भाणाखाली सोडणं पेटवली.
आंदणात आलेलं भाण,
काठावर काजळीखाली बाबांच्या हातचे ठिपके: शेवंती.
चिंचेनं घासलं तर चकचकीत दिसतील.
नाही घासलं. बोट फिरवलं नुसतं,
श, त्यावरची मात्रा,
व पर्यंत पोचले असेन,
कड तापली,
झाकण बोलू लागलं.